सीमेच्या दोन्ही बाजूंच्या साथरोग अधिकाऱ्यांना खुलं पत्र: रुग्णांचा तक्ता एकच ठेवा

प्रति,
जिल्हा साथरोग सर्वेक्षण अधिकारी, बेळगाव, कोल्हापूर, सांगली आणि सिंधुदुर्ग;
तसेच निपाणी, चिकोडी, हुक्केरी, बेळगाव, खानापूर, कागल, गडहिंग्लज, चंदगड आणि शिरोळ इथले तालुका आरोग्य अधिकारी

महोदय, महोदया,

सादर नमस्कार.

दोन गावं डोळ्यांसमोर आणा. एक निपाणी तालुक्यातलं, दुसरं कागल तालुक्यातलं, मधून राज्याची हद्द. दोन्हीकडे आज गोवराचे १०-१० रुग्ण आहेत. बऱ्याच मुलांना लस मिळालेली असल्यामुळे प्रत्येक गावातले १० रुग्ण आपल्या गावात ८ जणांना लागण देतात आणि हद्दीपलीकडच्या गावात ३ जणांना. गोवराची एक पिढी, म्हणजे एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंतचा काळ, साधारण १२ दिवसांची. १२ दिवसांनी दोन्ही गावांत ८ + ३ = ११ रुग्ण होतात. आणखी १२ दिवसांनी १२. सहा पिढ्यांनी, म्हणजे सव्वादोन-अडीच महिन्यांनी, जवळपास १८.

आता दोन्ही तालुक्यांचे अहवाल वाचा. निपाणीचा अहवाल म्हणतो: स्थानिक प्रसार ०.८, म्हणजे एकाच्या खाली, साखळी आपोआप विझेल. उरलेले ३ रुग्ण बाहेरून आलेले. कागलचा अहवालही शब्दशः हेच म्हणतो. दोघांचं गणित आपापल्या हद्दीत बरोबर आहे आणि साथ मात्र दर पिढीला १० टक्क्यांनी वाढते आहे. दोन्ही गावांची मिळून २ × २ ची सारणी मांडली (०.८, ०.३ आणि खाली ०.३, ०.८) तर तिचं सर्वांत मोठं आयगेनमूल्य, म्हणजे दर पिढीला एकूण रुग्ण किती पट होतात तो आकडा, १.१ येतं. खरा प्रसारांक, म्हणजे एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो तो आकडा, हाच. तो निपाणीच्या कागदावर नाही, कागलच्याही नाही. दोन कागद शेजारी ठेवल्याशिवाय तो दिसतच नाही.

म्हणून आमचं मागणं एवढंच आहे: वर लिहिलेल्या नऊ तालुक्यांनी ताप-पुरळ आणि डेंग्यूच्या रुग्णांची लाइन लिस्ट, म्हणजे एका रुग्णाला एक ओळ अशी यादी, एकाच नमुन्यात भरावी आणि दर सोमवारी एकमेकांना द्यावी. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. या तक्त्यामुळे कुणाचा दावा बळकट होत नाही की कमजोर होत नाही, त्यामुळे त्या कारणानं कुणी हात आखडता घेऊ नये. माहिती पोर्टलवर चढली म्हणजे ती शेजारच्या तालुक्याच्या टेबलावर पोचली, असंही समजू नये.

एकत्र करण्याचं दुसरं कारण निव्वळ संख्याशास्त्राचं आहे. १० रुग्णांपासून ११ रुग्ण झाले की आपण सहज म्हणतो, प्रसारांक १.१. पण ११ ही संख्या इतकी लहान आहे की ९५ टक्के खात्रीनं बोलायचं तर तो ०.५५ ते १.९७ यांच्यामधे कुठंही असू शकतो. म्हणजे साथ विझते आहे की दुपटीनं वाढते आहे हेही सांगता येत नाही. तेच दोन्ही गावं मिळून २० चे २२ झाले असं मांडलं, तर पट्टा ०.६९ ते १.६७ इतका आवळतो. तोही अजून रुंदच आहे, पण दोनच गावांत एवढा फरक पडतो. नऊ तालुके आले की निर्णय घेण्याजोगा आकडा हाती लागतो. एकेका तालुक्याच्या चार-पाच रुग्णांवरून कुणी दशांश चिन्हानंतरचे दोन आकडे सांगत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नका. आम्ही सांगितले तरी.

मग हद्दच बंद केली तर? वरच्या उदाहरणात पलीकडे जाणारी लागण ०.३ वरून ०.२ च्या खाली आणली, तर बेरीज एकाच्या खाली येते आणि साथ थांबते. कागदावर हे खरं आहे. कोविडच्या काळात कोगनोळीच्या नाक्यावर आरटी-पीसीआरचा अहवाल मागितला जात होता, तो याच विचारानं. पण नाका महामार्गावर असतो. दूध, ऊस, वैरण, सोयरीक आणि दवाखाना यांच्या वाटा शेतांमधून जातात, आणि त्यांतल्या एक तृतीयांशाहून जास्त वाटा महिनोन्‌महिने बंद ठेवणं कुणालाही जमणारं नाही. दुसरं असं की, ज्या आजाराचा गावातलाच प्रसारांक एकाच्या वर आहे, त्याला नाका थांबवत नाही, फक्त उशीर लावतो. किती, तेही काढता येतं: बाहेरून येणारे बाधित दहापट कमी केले, तर साथ साधारण ३.३ दुपटींइतकी मागे पडते. रुग्णसंख्या ४ दिवसांत दुप्पट होत असेल तर १३ दिवस. या १३ दिवसांत खाटा, ऑक्सिजन, लसीकरण यांपैकी काही उभं राहणार असेल, तर नाका जरूर लावा. काही उभं राहणार नसेल, तर त्या पोलिसांना आणि शिक्षकांना उन्हात उभं करू नका.

आता तक्त्यात काय चुकतं ते सविस्तर सांगतो, कारण मॉडेल, म्हणजे साथीचं गणित, बिघडतं ते समीकरणात क्वचित आणि रकान्यांत नेहमी.

पहिली चूक पत्त्याची. चंदगड तालुक्यातला माणूस आजारी पडला की बेळगाव गाठतो. कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या पलीकडे, बेळगाव त्याच्या निम्म्याहून जवळ. शिनोळीकडच्या लोकांचं तर बेळगावला रोजचंच येणं-जाणं. त्याची नोंद दवाखाना ज्या जिल्ह्यात आहे तिथं लागली, की बेळगाव शहरात एक रुग्ण जास्त दिसतो आणि त्याच्या गावासमोर शून्य. मॉडेल त्यातून शिकतं की चंदगड सुरक्षित आहे आणि शहरात साथ आहे. फवारणी शहरात होते, डास गावात राहतो. प्रवासाचे आकडे हाती नसले की मॉडेल करणारे लोकसंख्या आणि अंतर यांवरून येण्या-जाण्याचा अंदाज बांधतात. तो अंदाज जिल्ह्याच्या हद्दीच्या आत बांधला, तर चंदगडची सगळी माणसं कोल्हापूरला पाठवून मोकळा होतो. म्हणून तीन रकाने वेगळे हवेत: राहतं गाव, नोंद झालेलं ठिकाण आणि आजारापूर्वीच्या दिवसांत मुक्काम किंवा काम जिथं होतं ते गाव. गोवरासाठी हा काळ पुरळ येण्याआधीचा ७ ते २१ दिवसांचा. तो ०.३ चा आकडा याच तिसऱ्या रकान्यातून निघतो, दुसरा मार्ग नाही. आशाताईंनी एकच प्रश्न विचारायचा आहे: "त्या दोन आठवड्यांत कुठं कुठं गेला होता?" जत्रा, बाजार, लग्न, माहेर, कामाचं ठिकाण, अशी नावं घेऊन विचारलं की लोकांना आठवतं, नुसतं "प्रवास केला का" विचारलं की उत्तर "नाही" असतं, कारण दहा किलोमीटरवरच्या माहेरी जाण्याला कुणी प्रवास म्हणत नाही.

गावाचं नाव अक्षरांत लिहिलं की दुसरी चूक होते. खानापूर तालुका बेळगाव जिल्ह्यात आहे आणि सांगली जिल्ह्यातही आहे. निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगमधे कधी एक 'पी' असतो, कधी दोन. चिकोडी कन्नडमधून आली की चिक्कोडी होते. संगणकाला ही चार वेगळी गावं वाटतात किंवा दोन वेगळी गावं एकच वाटतात. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक दिलेला आहे, तोच लिहा. नाव शेजारी कन्नडमधे असो की मराठीत, फरक पडत नाही. रुग्णाचं नाव, फोन नंबर, आधार यांची आम्हाला गरज नाही. वय, लिंग, गावाचा संकेतांक, लसीचे डोस आणि तारखा एवढं पुरतं. बाकीचं कापूनच पाठवा.

छेद, म्हणजे रुग्णसंख्येला भागायची लोकसंख्या, कुठला घ्यायचा हा प्रश्न त्याहून अवघड. लोकसंख्या २०११ ची, त्यातच गाळप हंगामात गावाचं रूप बदलतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ऊसतोडणीच्या टोळ्या येतात, कारखान्यांभोवती आणि उसाच्या फडांच्या कडेला कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. ही माणसं कुठल्याच गावाच्या यादीत नसतात. मुकादमाच्या वहीत ती असतात, पण तिथं मोजमाप कोयत्याचं. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ५० कोयत्यांची टोळी म्हणजे १०० मोठी माणसं एवढंच वही सांगते; सोबत आलेली मुलं त्यात नाहीत, आणि गोवराच्या मॉडेलला नेमकी तीच हवी असतात. टोळी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात उपकेंद्राच्या एएनएमनं, म्हणजे परिचारिकेनं, कोपी-कोपी फिरून पाच वर्षांखालची मुलं मोजली आणि त्यांची लसीची कार्डं पाहिली, तर एका दिवसात जे कळतं ते आम्हाला कुठल्याही गणितानं कळणार नाही.

हे मोजणं किती गरजेचं आहे ते एका गावाच्या हिशोबातून पाहा. लस अजिबात नसलेल्या समाजात गोवराचा एक रुग्ण १२ ते १८ जणांना लागण देतो. १५ धरा. साथ रोखायला १ वजा १/१५, म्हणजे ९३.३ टक्के मुलं संरक्षित हवीत. गावात हजार मुलं आहेत: ९४० गावची, त्यांतली ९७ टक्के संरक्षित, ६० कोप्यांतली, त्यांतली निम्मी संरक्षित. एकूण ९१२ + ३० = ९४२. सरासरी ९४.२ टक्के. तक्ता हिरवा, गाव सुरक्षित. पण कोप्यांतली मुलं दिवसभर एकमेकांतच खेळतात. त्यांच्यात १५ पैकी निम्मी लागण जाते, म्हणजे प्रसारांक ७.५. तिथं एक रुग्ण शिरला की संरक्षण नसलेली ३० च्या ३० मुलं पडायला दोन-तीन पिढ्या पुरतात, आणि टोळी पुढच्या फडावर गेली की साथही सोबत जाते, बहुधा हद्द ओलांडून. सरासरीनं हे झाकलं. यात आणखी एक घोटाळा होतो: "लस दिली" आणि "संरक्षित झाला" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन डोसांनंतर ९५ टक्के मुलांत संरक्षण तयार होतं असं धरलं, तर ९३.३ टक्के संरक्षणासाठी ९८ टक्क्यांहून जास्त मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत; चुकलेल्या मुलाला पाच वर्षांपर्यंत देता येतो. फडावर ही लस द्यायला कुठल्या राज्याचं कार्ड आहे हे विचारायची गरज नसावी.

तारखेची चूक सगळ्यांत साधी आणि सगळ्यांत महाग. तक्त्यात नोंद झाल्याची तारीख असते. मॉडेलला लक्षणं सुरू झाल्याची हवी असते, गोवरात पुरळ आल्याची, डेंग्यूत ताप चढल्याची. नोंदीच्या तारखेनं आलेख काढला की सोमवारी सुळका येतो आणि रविवारी खड्डा. तो आजाराचा नसतो, सुट्टीचा असतो. लक्षणांची तारीख घेतली तरी एक सापळा उरतो: शेवटचा आठवडा नेहमीच उतरता दिसतो, कारण त्या आठवड्यात आजारी पडलेले निम्मे लोक अजून डॉक्टरकडेच गेलेले नसतात. "गेल्या आठवड्यात रुग्ण घटले" हे वाक्य बैठकीत येतं ते इथून. उपाय सोपा आहे. मागचे दहा-बारा आठवडे काढून पाहायचं की आठवडा संपताना त्या आठवड्यातल्या रुग्णांपैकी किती टक्के नोंदले गेलेले होते. ते ४० टक्के असतील आणि आज १२ दिसत असतील, तर १२ भागिले ०.४, म्हणजे ३० समजायचे. त्यासाठी लक्षणांची आणि नोंदीची, दोन्ही तारखा हव्यात. एक पुसून दुसरी लिहू नका.

आता मॉडेलबद्दल. लागण होऊ शकणारे, लागण झालेले आणि बरे झालेले अशा तीन कप्प्यांचं मॉडेल एक्सेलच्या तीन रकान्यांत बसतं आणि आपल्या कुठल्याही तालुक्याच्या डेटा एन्ट्री ऑपरेटरला तासाभरात शिकवता येतं. फक्त दोन पथ्यं. गोवरासारख्या वेगानं पसरणाऱ्या आजारात पायरी एका दिवसाची घेऊ नका, चौथाई दिवसाची घ्या. नाहीतर शीट एका घासात उरलेल्यांपेक्षा जास्त माणसं आजारी पाडते. आणि लागण झाली पण अजून दुसऱ्याला देत नाही, असा चौथा कप्पा विसरू नका. तो विसरला तर किती बिघडतं? समजा रुग्ण ७ दिवसांत दुप्पट होताहेत आणि माणूस ५ दिवस लागण देतो. तीन कप्प्यांचं मॉडेल प्रसारांक १.५ सांगतं. मधे ५ दिवसांचा सुप्त काळ घातला की तोच आलेख २.२ सांगतो. पहिल्या हिशोबानं ३३ टक्के लोक संरक्षित झाले की पुरेसं, दुसऱ्या हिशोबानं ५५ टक्के. आलेखाची रेषा दोन्हींत सारखीच जुळते, म्हणून "मॉडेल आकड्यांवर छान बसलं" एवढ्यावर समाधान मानायचं नाही.

या विषयाच्या मुळाशीच हा इशारा आहे. १९२७ साली केरमॅक आणि मॅकेन्ड्रिक यांनी हे समीकरण मांडलं, तेव्हा पडताळणीला घेतलेले आकडे आपल्या मुंबईचे होते: १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ मधले प्लेगचे साप्ताहिक मृत्यू. मॅकेन्ड्रिक स्वतः इंडियन मेडिकल सर्व्हिसमधे होते. रेषा मृत्यूंवर सुरेख बसली. पण मुंबईतला प्लेग माणसाकडून माणसाकडे कमी आणि उंदरांच्या पिसवांतून जास्त पसरत होता, ऋतूनुसार बदलत होता, आणि समीकरणात ना उंदीर होते ना ऋतू. ही उणीव त्या दोघांनी आपल्या निबंधातच मान्य केली आहे. आलेख बसणं आणि कारण कळणं यांत केवढं अंतर आहे, हे त्यांच्याकडून घ्यायचं.

डेंग्यूला म्हणूनच हे मॉडेल तसंच्या तसं लावू नका. एडिस डास जेमतेम काहीशे मीटर उडतो. हद्द ओलांडतो तो अंगात विषाणू असलेला माणूस. डासाला विषाणू मिळाल्यापासून तो चावून देऊ लागेपर्यंत ८ ते १२ दिवस जातात, आणि तेवढं जगणारा डासच धोक्याचा. डास रोज ९० टक्के शक्यतेनं जगत असेल, तर १० दिवस काढणारे १०० पैकी ३५. रोजची शक्यता ८० टक्के झाली तर फक्त ११. त्यापुढे उरलेलं आयुष्यही घटतं, त्यामुळे डासांची विषाणू पसरवण्याची एकूण क्षमता जवळजवळ सातपट खाली येते. मोठ्या डासाचं आयुष्य तोडणं इतकं परिणामकारक असतं, पण रस्त्यावरच्या धुरानं घरात कपाटामागे बसलेला डास मरत नाही. कोरडा दिवस, म्हणजे साठवलेलं पाणी ओतून भांडी कोरडी करायचा दिवस, आठवड्याला एकदा पाळायचा, कारण अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. पंधरवड्याला पाळला तर मधल्या मधे एक पिढी उडून जाते. हद्दीवरच्या जोडगावांनी तो एकाच वारी पाळावा.

नेमकं काय करायचं ते लिहितो. सुरुवात टोळ्या यायच्या आत, ऑक्टोबर संपण्यापूर्वी. नऊ तालुके, दोन आजार. प्रत्येक रुग्णामागे नऊ रकाने: राहत्या गावाचा संकेतांक, नोंदीच्या ठिकाणाचा संकेतांक, आजारापूर्वी गेलेल्या गावांचे संकेतांक, वय, लिंग, लसीचे डोस, लक्षणांची तारीख, नोंदीची तारीख, तपासणीचा निकाल. आठवडा सोमवार ते रविवार, दोन्ही राज्यांत तोच. सोमवारी दुपारपर्यंत तक्ता आला, तर बुधवारी सकाळी आम्ही एक पान परत देऊ, मराठीत आणि कन्नडमधे: नोंदीचा उशीर वळता करून काढलेली रुग्णसंख्या, प्रसारांक त्याच्या पट्ट्यासह, कुठल्या तालुक्याची लागण कुठल्या तालुक्यात जाते त्याची सारणी, आणि पुढच्या दोनच आठवड्यांचा अंदाज. त्यापुढचा मागू नका, आम्ही देणार नाही. तिसऱ्या आठवड्यापासून अंदाजाचा पट्टा इतका फाकतो की त्यात काहीही बसतं. पानाच्या खाली मागच्या अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा छापलेला असेल. प्रत्यक्ष आकडा आमच्या ९० टक्क्यांच्या पट्ट्याबाहेर दहांतून एका वेळेपेक्षा बऱ्याच जास्त वेळा गेला, तर मॉडेल चुकतंय असं समजा आणि आम्हाला बोलावून जाब विचारा.

पहिल्या आठवड्यात निम्मे रकाने रिकामे राहतील, तरी पाठवा. फक्त एक सांभाळा: ज्या गावात चौकशी झाली आणि रुग्ण सापडला नाही तिथं ० लिहा, जिथं कुणी गेलंच नाही तिथं जागा कोरी ठेवा. दोन्हीकडे ० पडला, तर ज्या गावात आशाताईची जागा तीन महिने रिकामी आहे ते गाव आमच्या नकाशावर सगळ्यांत निरोगी दिसेल.

आपले,
सीमाभागातले संख्याशास्त्राचे आणि साथीच्या गणिताचे अभ्यासक
बेळगाव